धूता आणि वसंतसेना : तुलनात्मक उत्तर कसे लिहावे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयांत शूद्रकाचे 'मृच्छकटिक' हे संस्कृत नाटक शिकणाऱ्यांनी नायक चारुदत्ताची पत्नी धूता आणि त्याच्यावर प्रेम करणारी गणिका वसंतसेना यांची तुलना लिहिताना पत्नी सोशिक, गणिका उदार अशा दोन याद्या समोरासमोर मांडू नयेत. चारुदत्तावर दोघींचेही प्रेम असले तरी त्या कोठेही भांडत नाहीत. त्यांच्यातील चढाओढ दागिन्यांच्या देवघेवीतून चालते. म्हणून कोणता दागिना कोणाच्या हातून कोणाकडे जातो, हे अंकवार टिपून मगच उत्तराला हात घालावा.

तिसऱ्या अंकात वसंतसेनेने चारुदत्ताकडे ठेवलेली दागिन्यांची ठेव शर्विलक चोरून नेतो. नवऱ्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून धूता माहेरची रत्नमाला काढून देते. परंतु चारुदत्त मानी असल्यामुळे ती त्याच्या हाती न देता रत्नषष्ठी व्रताचे दान म्हणून त्याचा मित्र मैत्रेय याला देते आणि ठेवीच्या बदल्यात ती वसंतसेनेकडे पोहोचते. हे आडवळण उत्तरात अवश्य यावे, कारण नुसते 'पतिव्रता' म्हटल्याने तिची चतुराई झाकली जाते.

खरी जागा सहाव्या अंकाच्या आरंभी आहे आणि निम्मे उत्तर तिच्यावर खर्च करण्यास हरकत नाही. चारुदत्ताच्या घरात जागी झालेली वसंतसेना आपल्यामुळे घरातील माणसांना त्रास होतो का, असे दासीला विचारते. मग स्वतःला चारुदत्ताच्या गुणांनी जिंकलेली दासी, म्हणून धूतेचीही दासी म्हणवून ती रत्नमाला परत पाठवते. धूता ती स्वीकारत नाही. पतीने तुम्हाला दिलेली वस्तू मी घेणे योग्य नाही आणि पती हाच माझा अलंकार आहे, असा तिचा निरोप येतो. या निरोपात सौजन्य किती आणि हक्काची जाणीव किती, हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे. माझ्या मते दुसरी अधिक आहे.

लगेच चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडत येतो. ही आपली आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे, या त्याच्या प्रश्नावर वसंतसेना ते उतरवून त्याची गाडी भरते. धूतेकडे परत न गेलेली रत्नमाला आणि मुलाला दिलेले हे दागिने शेजारी ठेवून पाहावेत : पत्नीचे स्थान वसंतसेनेला नाकारले जाते आणि आईचे स्थान ती क्षणभर मिळवते. पुढे नवव्या अंकात तेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात, याचा उल्लेख एका वाक्यात पुरे.

देवलांच्या 'संगीत मृच्छकटिक'चा आधार घेणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. लहानपणी काही काळ जळगावात गाणे शिकलेल्या बालगंधर्वांनी रंगभूमीवर वसंतसेना साकारली होती. अशा गाजलेल्या, गात्या भूमिकेशेजारी मोजक्याच प्रसंगांत येणारी धूता सहज फिकी वाटते. प्रवेशांची संख्या हा पात्राच्या वजनाचा पुरावा धरू नये.

समारोपासाठी दहावा अंक घेताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. वसंतसेनेला कुलवधूचा मान नवा राजा आर्यक देतो, तर बहीण म्हणून तिला जवळ करते ती धूता. मात्र धूतेच्या अग्निप्रवेशाच्या तयारीचा प्रसंग नीलकंठ नावाच्या लेखकाने मागाहून जोडला, असे अभ्यासक मानतात. तेव्हा दोघींच्या समेटाविषयीचा निष्कर्ष सहाव्या अंकातील निरोपावर उभा करावा आणि दहाव्या अंकाचा उपयोग जोडपुरावा म्हणून करावा.