वाटप सैन्यापासून वेगळं ठेवताना

युद्धाच्या भागात मदतीचा शिधा वाटताना आधी यादी सांभाळा. कुणाच्या घरी किती माणसं, हे कुठल्याही सैन्याला कळू देऊ नका; शिध्याची यादी तिथे पोचली की ती पाळतीची यादी होते. वाटपाच्या गाडीत गणवेश नको, बंदूक तर नकोच.

पाकिटाचा रंगही तपासा. २००१ मध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानात विमानांतून टाकलेली अन्नाची पाकिटं पिवळी होती, आणि क्लस्टर बॉम्बमधले न फुटलेले छोटे बॉम्बही पिवळेच. भुकेलं पोर काय उचलेल? पुढे पाकिटांचा रंग बदलावा लागला.

‘माहिती द्या, मदत मिळेल’ असं सैन्याचं पत्रक दिसलं तर त्याच दिवशी लेखी निषेध नोंदवा. २००४ मध्ये अफगाणिस्तानात अशी पत्रकं खरोखर वाटली गेली. असा शिधा घेणाऱ्याला समोरची बाजू खबऱ्या समजते, आणि वाटणाऱ्यालाही.