माळ घातली तरी वजन का उतरत नाही? ताटाचा हिशेब असा करा

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, मला दहा किलो कमी करायचंय. मटण, अंडी सगळं बंद करतो. तुमच्यागत माळच घालू काय?" मी त्याला विचारलं, "तुला वजन उतरवायचंय की मटण सोडायचंय?" तो गप्प झाला. ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. 2019 साली माझ्याही आलं नव्हतं.

मी कोल्हापूरकडचा. आमच्या घरात सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे वार पाळायचे, बाकी दिवशी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ठरलेला. वडील माळकरी होते. ते गेल्यावर त्या वर्षीच्या कार्तिकी एकादशीला मी पंढरपुरात तुळशीची माळ घातली. त्या दिवसापासून मटण, मासे, अंडी बंद आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या सुरू. माझं वजन तेव्हा 81 किलो होतं. शाकाहार म्हणजे हलकं खाणं, वजन आपोआप उतरेल, असं चार लोकांनी सांगितलं आणि मला ते पटलं. पुढच्या दिवाळीत काट्यावर उभा राहिलो तर 86.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. उसाची भरलेली ट्रॉली काट्यावर येते, खाली होऊन परत येते, आणि वजाबाकी केली की ऊस किती ते कळतं. नुसत्या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. शाकाहाराचं तसंच आहे. ताटातून काय काढलं एवढंच तो सांगतो. त्या जागी काय भरलं, ते तुम्हालाच मोजावं लागतं.

म्हणून पहिलं काम हे की हेतू ठरवा. श्रद्धा म्हणून, जनावराचा जीव घ्यायला नको म्हणून किंवा वडिलांची वाट धरायची म्हणून शाकाहारी होत असाल, तर वजन उतरो न उतरो, ते टिकतं. माझं टिकलंय. पण फक्त वजनासाठी मटण सोडलं आणि तीन महिन्यांत काटा हलला नाही, तर चौथ्या महिन्यात माणूस परत रश्श्यावर बसतो, आणि वर शाकाहाराला दोष देतो. वजनच कमी करायचं असेल तर मटण खाऊनही करता येतं. माळ ही माळेसाठीच घालावी, असं माझं ठाम मत आहे.

हेतू ठरला की आठ दिवस वही ठेवा. काही बदलू नका, नुसतं लिहा. मी लिहिलं तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे पोट कशानं भरतोय. मटणाच्या जागी आमच्याकडे बटाट्याचा रस्सा आला होता. रस्सा झणझणीत, पण तासा-दोन तासांत भूक लागायची. मग दोन चपात्या जादा, भात जादा, रात्रपाळीत वडापाव. ताटातली प्रथिनं गेली आणि त्यांची जागा पिठानं घेतली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 80 किलोच्या माणसाला 66 ग्रॅम झाली. आमच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळच जेमतेम 20 ग्रॅम पडायची, म्हणजे प्रथिनं चार-साडेचार ग्रॅम. दिवसाला अशा दोन वाट्या पिऊन मी समाधानी होतो.

आता हिशेब असा बसवलाय. सकाळी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ. कोरडं कडधान्य माणशी 50 ग्रॅम भिजत घालायचं, त्यातून साधारण 10 ग्रॅम प्रथिनं येतात. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि घट्ट वरण किंवा हुलग्याचं पिठलं. रात्री दोन चपात्या, भाजी, वाटीभर दही. दिवसात पाव लिटर दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. सगळं मिळून साठच्या आसपास जातं. भाकरी आणि डाळ एकाच दिवसात पोटात गेली पाहिजे, कारण एकात जे कमी असतं ते दुसऱ्यात मिळतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डाळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

घरी मटणाचा बेत असतो तेव्हा माझ्यासाठी अख्खा मसूर होतो. मसूर रात्रभर भिजवलेला, कांदा-खोबरं भाजून वाटलेलं, कांदा-लसूण चटणी एक चमचा. मंडळी आणि पोरं मटण खातात, मी मसूर खातो, पंगत एकच. घरच्यांना सोडायला लावलेलं नाही. माझी पातेली आणि पळी तेवढी वेगळी ठेवलीय.

दुसरी गोष्ट तेल. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझं वजन इथंच लपलं होतं. मटण सोडल्यावर भाजी चवदार व्हावी म्हणून घरात तेल वाढलं. वांग्याला तेल, उसळीवर तर्री, वर तळलेली भजी. आम्ही चौघं, आणि पाच लिटरचा डबा महिन्यात संपायचा. मी कागदावर मांडलं. पाच लिटर तेलाचं वजन साधारण साडेचार किलो, भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस, माणशी रोज 38 ग्रॅम. एका ग्रॅम तेलात 9 उष्मांक (कॅलरी), म्हणजे रोज 340 नुसत्या तेलाचे. आणि हे सगळं शंभर टक्के शाकाहारी.

तेल कमी करायचं तर चमच्याला शिव्या देऊन होत नाही, डबा बदलावा लागतो. आम्ही महिन्याचं तेल तीन लिटर ठरवलं. एक-एक लिटरच्या तीन बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीवर दहा-दहा दिवसांच्या तारखा लिहिल्या. पहिल्या महिन्यात पहिली बाटली आठव्या दिवशी संपली, मग दोन दिवस भाकरी-झुणका-ताक. तिसऱ्या महिन्यापासून जमायला लागलं. फोडणी तेवढीच ठेवली, भाजी झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून शिजवायला सुरुवात केली. वांग्याचं भरीत आता तेलाशिवायच जास्त आवडतं.

तिसरी गोष्ट उपवास. "एकादशी, दुप्पट खाशी" हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. माळकऱ्याला वर्षाला चोवीस एकादश्या, म्हणजे चोवीस दिवस हा प्रश्न येतो. मी माझी साबुदाण्याची खिचडी एकदा छोट्या काट्यावर मोजली. कोरडा साबुदाणा 80 ग्रॅम, कूट 30 ग्रॅम, तूप 20 ग्रॅम, एक बटाटा. सातशे उष्मांकांच्या घरात गेली, आणि संध्याकाळी परत तेवढीच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाच. आता एकादशीला सकाळी ताक आणि एक फळ, दुपारी वाटीभर भगर आणि दाण्याची पातळ आमटी, रात्री दूध आणि उकडलेलं रताळं. उपवास उपवासासारखा झाला की मनालाही बरं वाटतं.

दुकानातल्या पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका. तो पदार्थ शाकाहारी आहे एवढंच तो सांगतो. वेफर्स, फरसाण, क्रीमची बिस्किटं, सगळ्यांवर तोच ठिपका असतो.

आता एक गोष्ट जिची मला तळमळ आहे. वडील तीस वर्षं माळकरी होते. शेवटच्या काही वर्षांत पायाला मुंग्या यायच्या, तोल जायचा, दम लागायचा. आम्ही सगळे वय म्हणून सोडून द्यायचो. दाखवलेल्या पहिल्या डॉक्टरांनीही वयच सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासलं तेव्हा बी 12 फारच कमी निघालं. हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, पालेभाजीत नसतं. मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतूनच ते मिळतं. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून मांसाहार सोडल्यावर कमतरता दिसायला काही वर्षं जातात आणि तोवर कुणाला शंका येत नाही. वडिलांना इंजेक्शनं सुरू केल्यावर दम लागणं थांबलं, पायाच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. म्हणून हात जोडून सांगतो, शाकाहारी झालात की वर्षातून एकदा बी 12 आणि हिमोग्लोबिन तपासा, आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर ती मध्येच सोडू नका. घरातल्या म्हाताऱ्या माळकऱ्यांची तपासणी तर ह्याच आठवड्यात करून घ्या.

लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर थांबा. पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं लोह चहामुळे नीट अंगी लागत नाही.

वजन रोज बघायचं नाही. मी रविवारी सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर बघतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. कमरेलाही टेप लावतो, कारण आपल्या लोकांची चरबी पोटावर साठते. पुरुषांनी 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांनी 80 च्या आत राहावं असं सांगतात. 86 वरून 79 वर यायला मला चौदा महिने लागले. त्यात रोजचं पाऊण तास चालणंही आलं.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की आठ दिवस काहीही बंद करू नको, मटणासकट सगळं वहीत लिही. परवा त्यानं वहीचे फोटो पाठवले. आठ दिवसांत मटण एकदाच. ऑफिसातला चहा मात्र रोज सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. आता तो चहा दोन कपांवर आणतोय. माळेचं विचारायचं असेल तर कार्तिकीला गावी येऊन निवांत बोलू म्हटलंय.