दक्षिण युरोपातील गोल्फ सहल: ग्रीन फीचे अंदाजपत्रक कसे बांधावे

विमान आणि हॉटेल यांचे दर समजले की सहलीच्या खर्चाचा अंदाज आला, हा ठोकताळा इतर सहलींना चालतो; गोल्फच्या सहलीला तो चालत नाही. पोर्तुगालच्या अल्गार्व्ह किनाऱ्यावर किंवा स्पेनच्या कोस्ता देल सोलवर आठवडाभरात चार-पाच राउंड (म्हणजे १८ होलचे पूर्ण खेळ) खेळायचे म्हटले, तर ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर (गोल्फच्या मैदानावर) एक राउंड खेळण्याचे शुल्क, आणि तिच्यामागून येणारे किरकोळ खर्च मिळून हॉटेलच्या बिलाची बरोबरी सहज करतात. आपल्याकडे क्लबचा सभासद वर्षाची वर्गणी भरून मोकळा होतो, त्यामुळे एका राउंडला नेमके किती पैसे पडले हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. तेथे मात्र पाहुणा म्हणून प्रत्येक राउंडचे पैसे स्वतंत्र मोजावे लागतात आणि ते महिन्यागणिक, किंबहुना तासागणिक बदलतात. या लेखात उदाहरणादाखल अल्गार्व्हमधील विलामौरा हे ठिकाण घेतले आहे. पद्धत कोस्ता देल सोललाही तशीच लागू पडते.

आधी राउंड मोजावेत

मुंबईहून निघालेला प्रवासी वाटेत विमान बदलून अल्गार्व्हमधील फारो विमानतळावर उतरतो, तेव्हा त्याचा तो दिवस खेळाच्या कामाचा राहिलेला नसतो, आणि परतीच्या दिवशीही राउंड बसवणे हे विमान चुकवण्याचे निमंत्रण ठरते. सात रात्रींच्या मुक्कामात पाच राउंड हा मध्यमवयीन खेळाडूच्या पाठीला आणि खिशालाही मानवणारा आकडा आहे. ‘हवे तितके खेळा’ अशा जाहिरातीच्या पॅकेजला भुलून रोज दोन राउंड खेळण्याचा बेत आखणारे पुष्कळ असतात, पण तिसऱ्या दिवशी दुपारी ते पोहण्याच्या तलावाकाठी आडवे झालेले दिसतात.

महिना निवडावा

समुद्रकिनाऱ्याचा हंगाम आणि गोल्फचा हंगाम यांचे येथे उलटे नाते आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हॉटेले भरलेली आणि महाग असतात, पण भर उन्हात खेळायला फारसे कोणी तयार नसल्याने ग्रीन फी उतरते. ढोबळमानाने मार्च ते मे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दर चढे असतात. डिसेंबर आणि जानेवारीत ग्रीन फी आणि हॉटेल दोन्ही स्वस्त मिळतात. मराठी कुटुंबांच्या दृष्टीने अडचण अशी की, मे महिन्याची सुट्टी आणि बहुतेक वर्षी दिवाळीची सुट्टीसुद्धा नेमकी चढ्या दराच्या काळात येते. मुलांच्या शाळेचे बंधन नसेल, तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध विचारात घ्यावा. त्या काळात अल्गार्व्हमध्ये पाऊस येऊ शकतो, हे मात्र गृहीत धरून चालावे.

हंगामाच्या तारखा प्रत्येक कोर्स स्वतः ठरवतो, म्हणून दरपत्रकातील तारीख तपासल्याशिवाय आकडा लिहू नये. शिवाय ऐन हंगामात एखादा दर संशय यावा इतका कमी दिसला, तर देखभालीचे वेळापत्रक विचारून घ्यावे. ग्रीनना (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला) भोके पाडून वाळू भरण्याचे काम झाल्यानंतर काही दिवस पटिंगचा (चेंडू होलमध्ये ढकलण्याचा) खेळखंडोबा होतो, आणि शरद ऋतूत फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर) हिवाळी गवताचे बी पेरल्यावर बग्गी (मैदानावर फिरण्याची छोटी गाडी) रस्ता सोडून आत नेऊ देत नाहीत. दोन्ही कामे कोर्सच्या भल्याची असली, तरी पूर्ण फी भरून ती पाहायला जाण्याचे कारण नाही.

घड्याळ पाहून पैसे वाचवावेत

सकाळचे टी टाइम (खेळ सुरू करण्याच्या आरक्षित वेळा) सर्वांत महाग असतात आणि दुपारनंतर ‘ट्वायलाइट’ दर सुरू होतो. ही सवलत खरी आहे, परंतु तिचे मोल सूर्यास्तावर अवलंबून असते. जूनच्या अखेरीस फारोला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे तीन वाजता सुरू केलेले १८ होल आरामात पूर्ण होतात. डिसेंबरच्या मध्यावर तोच सूर्यास्त सव्वापाचच्या आसपास असतो. एका राउंडला चार ते साडेचार तास लागतात हे धरले, तर दोन वाजताच्या टी टाइमला चौदाव्या होलच्या आसपास अंधार गाठतो, आणि स्वस्त राउंड प्रत्यक्षात अपुरा राउंड ठरतो. कोस्ता देल सोलवरील मालागाकडे घड्याळ एक तास पुढे असल्यामुळे हिवाळ्यात तेथे संध्याकाळी सहापर्यंत उजेड राहतो. मात्र अल्गार्व्हमध्ये मुक्काम करून ग्वादियाना नदीवरील पुलावरून एका राउंडसाठी स्पेनमध्ये जाणाऱ्याने हाच एक तास लक्षात ठेवावा, कारण पूर्ण पैसे भरलेला टी टाइम वेळेच्या फरकाने हुकला, तर परतावा मिळण्याची आशा नसते.

कोर्सची प्रतवारी करावी

प्रत्येक दिवशी नामांकित कोर्सवर खेळण्याचा हट्ट अंदाजपत्रक बिघडवतो. पाचपैकी एक राउंड मानाचा, तीन मधल्या दराचे आणि एक ट्वायलाइटचा, अशी विभागणी माझ्या मते सर्वांत समाधान देणारी असते. विलामौरात पाच कोर्स एकमेकांच्या जवळ आहेत. त्यांतील ओल्ड कोर्स १९६९ सालचा आहे, तर अर्नोल्ड पामर यांनी आखलेल्या व्हिक्टोरिया कोर्सवर २००७ ते २०२२ या काळात पोर्तुगाल मास्टर्स ही स्पर्धा होत असे. साहजिकच त्याची फी त्या नावाला साजेशी असे; आता हा कोर्स ‘एल्स क्लब विलामौरा’ या नावाने ओळखला जातो. कोस्ता देल सोलच्या बाजूला हा मान वाल्देरामाचा. १९९७ साली युरोप आणि अमेरिका यांच्या संघांतील रायडर कप प्रथमच युरोपच्या मुख्य भूमीवर झाला, तो येथे. पाहुण्यांसाठी तेथे मोजकेच टी टाइम असतात आणि एका राउंडचे काही शे युरो पडतात, तेव्हा वाल्देरामा घ्यायचे तर उरलेले चार राउंड निर्धाराने स्वस्त ठेवावे लागतील.

मधल्या गटात अल्गार्व्हमधीलच पेनिना येते. तीन वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेल्या हेन्री कॉटन यांनी १९६६ साली ते भाताच्या खाचरांवर उभारले आणि दलदल शोषून घेण्यासाठी हजारो झाडे लावली. इतिहास म्हणून हे रंजक आहेच, पण अंदाजपत्रकाच्या दृष्टीने त्यातले महत्त्वाचे काय, तर भातखाचर सपाट असते. पेनिनाला पायी खेळता येते आणि बग्गीचे पैसे वाचतात. विलामौराहून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे, आणि ए-२२ महामार्गावरचा टोल जानेवारी २०२५ पासून रद्द झाल्यामुळे केवळ इंधनाचाच खर्च येतो. कोस्ता देल सोलचे बरेच कोर्स डोंगरउतारावर आहेत, तेथे बग्गी हा चैनीचा भाग राहत नाही.

ग्रीन फीमागचे खर्च त्याच ओळीत लिहावेत

आपल्याकडे कॅडी गृहीत असतो. बॅग तो उचलतो, चेंडू तोच शोधतो आणि पट कोणत्या बाजूला वळेल हेही तोच सांगतो. दक्षिण युरोपातील बहुतेक कोर्सवर कॅडी नसतो. त्यामुळे ट्रॉली किंवा बग्गी भाड्याने घ्यावी लागते, आणि बग्गीचे भाडे दोघांत विभागले जाते हे लक्षात घेऊन जोड्या आधीच पाडाव्यात, कारण तीन जणांच्या गटात तिसऱ्याला पूर्ण बग्गीचे पैसे पडतात. काही महागड्या कोर्सच्या फीत बग्गी आणि सरावाचे चेंडू धरलेले असतात, म्हणून दोन कोर्सची तुलना करताना नुसत्या फीची न करता राउंडच्या एकूण खर्चाची करावी. स्वतःची बॅग विमानाने नेण्याचे दुतर्फा भाडे आणि तेथील काठ्यांच्या सेटचे पाच राउंडचे भाडे हे दोन आकडेही शेजारी मांडून पाहावेत. तीनपेक्षा जास्त राउंड असतील, तर स्वतःची बॅग नेणे बहुधा परवडते.

आता चार जणांच्या गटातील एकाचा हिशेब मांडू. आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी धरले आहेत. मानाचा राउंड १८० युरो, मधले तीन प्रत्येकी ११० प्रमाणे ३३० आणि ट्वायलाइट ७०, अशी ग्रीन फी ५८० युरो होते. चार राउंडना अर्ध्या बग्गीचे २५ प्रमाणे १०० आणि पेनिनाला ट्रॉलीचे १०, सरावाचे चेंडू २५, खेळताना पाणी व खाणे ७५ आणि बॅगेचे विमानभाडे १००, असे आणखी ३१० युरो जमतात. एकूण ८९० युरो. म्हणजे खर्चाचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग ग्रीन फीच्या बाहेरचा आहे, आणि बहुतेकांच्या वहीत तोच लिहिलेला नसतो. एक युरो १०५ रुपयांचा धरला तर ही रक्कम ९३,४५० रुपये होते. विनिमय दरातील चढउतार व कार्डाचे शुल्क यांसाठी पाच टक्के वाढवून माणशी सुमारे ९८,००० रुपये बाजूला ठेवावेत.

पॅकेज की सुटे आरक्षण

पॅकेजच्या किमतीतून त्याच हॉटेलचा त्याच तारखांचा स्वतंत्र दर वजा करावा आणि उरलेली रक्कम राउंडच्या संख्येने भागावी. येणारा आकडा सुट्या ग्रीन फीपेक्षा कमी असेल तरच पॅकेज घ्यावे. चार जणांना तिघांची फी किंवा आठ जणांच्या गटात एकाला मोफत खेळ, अशा सवलती चौकशी केल्याशिवाय सहसा पुढे येत नाहीत. भारतातील पर्यटन कंपनीकडून पॅकेज घेतल्यास किमतीवर टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ वसूल करायचा कर) आकारला जातो. विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो, पण तोपर्यंत ती रक्कम अडकते, म्हणून तिचीही तरतूद हवी.

पैसे भरताना

मानाच्या कोर्सचा टी टाइम सर्वांत आधी घ्यावा आणि बाकीचे त्याभोवती बसवावेत. परताव्याची अट नीट वाचावी: कोर्स बंद ठेवला तर बहुधा पैसे किंवा नवी वेळ मिळते, परंतु नुसता पाऊस पडत असताना खेळाडू स्वतःहून थांबला, तर काही मिळत नाही. काही कोर्स हँडिकॅपचे (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचे) प्रमाणपत्र मागतात आणि त्याची कमाल मर्यादाही घालतात, तेव्हा ते जवळ ठेवावे. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचे शुल्क साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी असे लागते, त्यापेक्षा आधी युरो भरलेले फॉरेक्स कार्ड बहुधा स्वस्त पडते. क्रेडिट कार्डाने पैसे देताना काउंटरवरील यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारले, तर युरो निवडावा. रुपयांचा पर्याय सोयीचा दिसतो, परंतु त्यातील विनिमय दर यंत्रवाल्याच्या सोयीने लावलेला असतो.