नेक्सस बघायचं तर सात महिने ओळीने बघा

नेक्सस म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-कार्यक्रमातली २०१० ची आठ नवख्यांची टोळी. तिच्याबद्दल कोणी विचारलं की मायामीतल्या पहिल्या हल्ल्याची ती एक क्लिप पाठवली जाते आणि विषय तिथेच संपतो. माझ्या पुतण्याचंही तसंच झालं. त्याने क्लिप बघितली, "भारी आहे काका" म्हणाला आणि मोबाइल खिशात टाकला. पुढे काय झालं, हे विचारलंसुद्धा नाही. मला ते फार लागलं. मग मी त्याला बसवून जून ते डिसेंबर २०१० हा सगळा काळ क्रमाने दाखवला. चार रविवार लागले. तुम्हाला बघायचं असेल तर तुम्हीही असंच बघा. एक वही जवळ ठेवा, तिचं काम पुढे पडेल.

सुरुवात मायामीपासून नाही, त्याच्या आठवडाभर आधीपासून करायची. २०१० च्या फेब्रुवारीत डब्ल्यूडब्ल्यूईने एनएक्सटी नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. त्यात आठ नवखे पठ्ठे आणि प्रत्येकाला एक नावाजलेला वस्ताद. हेच आठ पुढे नेक्सस झाले. सगळे भाग बघू नका, त्यात फार दम नाही. १ जूनचा शेवटचा भाग तेवढा बघा, वेड बॅरेट जिंकतो तो. आणि वहीत दोन जोड्या लिहून ठेवा: डॅनियल ब्रायनचा वस्ताद मिझ, डॅरेन यंगचा वस्ताद सीएम पंक. आमच्या इचलकरंजीकडे मैदानात मल्लाचं नाव पुकारताना सोबत वस्तादाचंही नाव येतं. त्यामुळे कोण कुणाचा पठ्ठा हे आधी कळलं नाही तर कुस्तीतलं अर्धं कळत नाही, असं मला लहानपणापासून वाटतं. इथेही तेच आहे.

आता ७ जून. तेव्हाचा किताबधारी जॉन सीना विरुद्ध सीएम पंक अशी कुस्ती चाललेली असते. बॅरेट एकटा वाटेवरून चालत येतो. त्याच्याकडे बघत राहिलात तर बाकीचे सात प्रेक्षकांतून कधी आले ते कळत नाही, म्हणून नजर रिंगच्या चारही बाजूंना ठेवा. हा प्रसंग दोनदा बघायचा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून. सीना पडतो, पंक पडतो, त्याचा साथीदार ल्यूक गॅलोज पडतो. समालोचक जेरी लॉलर मार खातो. नावं पुकारणारा जस्टिन रॉबर्ट्स, ज्याचा कुस्तीशी काही संबंध नाही, त्याचा गळा ब्रायन त्याच्याच टायने आवळतो. मग ते रिंगकडे वळतात. दोर सोडतात, कापड फाडतात, खालच्या फळ्या उघड्या पाडतात.

मी तेव्हा नववीत होतो. टेन स्पोर्ट्स लावलेलं होतं आणि मागे आजोबा बसले होते. त्यांनी उमेदीत लाल मातीत कुस्त्या केलेल्या. आमचं हे बघणं त्यांना पटायचं नाही, पण उठून जायचे नाहीत. सीनाला आठ जण मारत होते तेव्हा ते गप्प होते. रिंगचं कापड फाटायला लागलं तसे ताठ बसले आणि म्हणाले, "पैलवानाला मारा, पण आखाड्याला हात लावायचा नाही." मातीत उतरताना ती कपाळाला लावणाऱ्या माणसाला ते सहन झालं नाही. मला नेक्सस तिथे कळलं. टोळकं जमवून एकाला मारणं डब्ल्यूडब्ल्यूईत नवं नव्हतं. हे लोक मात्र ज्या जागेवर उभे राहून मोठं व्हायचं, तीच जागा मोडत होते. दुसऱ्यांदा बघताना आवाज सुरू करा आणि फळ्या दिसायला लागतात त्या वेळी लोकांचा आवाज ऐका.

टायचा तो प्रकार कंपनीला फार हिंसक वाटला आणि ११ जूनला ब्रायनला काढून टाकलं. हे कथानकातलं नाही, खरंच काढलं. वहीत आठातला एक खोडा.

जून-जुलै भराभर बघितलं तरी चालेल. जुना नावाजलेला मल्ल ब्रेट हार्टला गाडीत घालून ती गाडी आदळतात तो प्रसंग आणि २० जूनला सीनाचा किताब शेमसकडे जातो तो शेवट, एवढं पुरे.

समरस्लॅम या डब्ल्यूडब्ल्यूईच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमाला मात्र अख्खी संध्याकाळ द्या. १५ ऑगस्ट, लॉस एंजेलिस, नेक्ससचे सात विरुद्ध सीनाचे सात. त्या वर्षी गल्लीत आमच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूईचे पत्ते होते. सीना, एज, जेरिको, खली सगळे होते, नेक्ससच्या एकाचाही पत्ता नव्हता. आम्ही वहीच्या पुठ्ठ्याचे सात पत्ते कापले, वजन-उंची अंदाजाने लिहिली आणि ओळीने मांडले. सीनाच्या संघात खलीही होता म्हणून आमची गल्ली आधी त्या बाजूला होती. पण नेक्ससने खलीला आधीच मारून बाहेर काढलं होतं. त्याची जागा मिझ घेणार असं वाटत असताना सीनाने ऐन वेळी डॅनियल ब्रायनला आणलं. दोन महिन्यांपूर्वी काढून टाकलेला तोच ब्रायन! वहीत आता दोन रकाने करा, सात-सात नावं लिहा आणि जो बाद होईल त्याचं नाव खोडा. पुढे मिझ येऊन आपल्याच पठ्ठ्याला पेटीने हाणतो, तेव्हा लिहून ठेवलेल्या त्या जोडीकडे बघा.

शेवटी सीना एकटा उरतो आणि समोर बॅरेट व जस्टिन गॅब्रिएल. रिंगबाहेरची मॅट बाजूला काढलेली असते आणि बॅरेट सीनाला उघड्या काँक्रीटवर डोक्यावर आपटतो. इथे थांबवा. आता काय व्हायला हवं ते वहीत लिहा आणि मगच पुढे चालवा. गॅब्रिएलची उडी चुकते, सीना त्याला चितपट करतो आणि लगेच बॅरेटकडून शरणागती घेतो. पुतण्याने लिहिलं होतं, "नेक्सस". मीही पंधराव्या वर्षी तेच म्हणालो होतो. निकाल आधी ठरलेला असतो हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. राग आला तो ठरवणाऱ्यांचा. एज आणि जेरिको दोघेही त्या सामन्यात होते, आणि नेक्ससने जिंकायला हवं होतं असं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. काँक्रीटवर पडलेला माणूस दोन मिनिटांत दोघांना हरवत असेल तर त्या दोघांना पुढे कोण घाबरणार?

उतार दुसऱ्याच दिवसापासून दिसतो. यंग सीनाकडून हरतो आणि नेक्सस त्याला हाकलतं. त्याच आठवड्यात हवाईतल्या एका शोमध्ये स्किप शेफिल्डचा घोटा मोडतो. ऑक्टोबरपर्यंत मायकल टार्व्हरही जातो. वहीतली खोडलेली नावं मोजत चला.

३ ऑक्टोबरचा डॅलसमधला सामना चुकवू नका. सीना बॅरेटकडून हरतो आणि अट म्हणून त्याला नेक्ससमध्ये जावं लागतं. दंडावर पिवळ्या 'एन'ची काळी पट्टी बांधलेला सीना बघताना मला वाटलं होतं की टोळी सावरली. मी स्वतः शिंप्याकडून तशी पट्टी शिवून आणली होती. पण सात महिन्यांत बॅरेटच्या हाती मोठा किताब लागलाच नाही. २१ नोव्हेंबरला बॅरेट आणि किताबधारी रँडी ऑर्टन यांच्या सामन्यात सीना पंच असतो आणि बॅरेट जिंकला नाही तर सीनाची नोकरी जाणार असते. तरीही तो ऑर्टनच्या बाजूने तीन मोजतो. ही जागा नीट बघा. हे तेच मायामीचं सभागृह आहे, जिथे जूनमध्ये फळ्या उघड्या पडल्या होत्या. १९ डिसेंबरला ह्यूस्टनमध्ये सीना बॅरेटला हरवून त्याच्यावर खुर्च्यांचा ढीग पाडतो. तिथे थांबा.

२०११ मधलं नवं नेक्सस मी दाखवत नाही. त्यात पुढे ब्रे वायट म्हणून गाजलेला हस्की हॅरिस आहे, त्याच्यासाठी बघायचं तर बघा. ऑगस्टपर्यंत ते गाजावाजा न होता विरलं. फक्त त्याचा म्होरक्या कोण झाला तेवढं कळू द्या: सीएम पंक.

आणि मग ७ जून परत लावा. यावेळी सीनाकडे बघू नका, मार खाऊन पडलेल्या पंककडे बघा. पुतण्याने तिथे स्वतःहून थांबवलं आणि वहीतली दुसरी जोडी शोधली. "काका, म्हणजे यंगनं आपल्याच वस्तादाला मारलं, आणि वस्ताद नंतर त्यांचाच पुढारी झाला? हे कसं झालं?"

पाचवा रविवार ठरला आहे.