रॉक सिंगल रेडिओवर कसं चाललंय, हे कसं ओळखायचं

अमेरिकेतल्या रॉक बँडचं नवं सिंगल, म्हणजे स्वतंत्रपणे प्रकाशित केलेलं एक गाणं, तिथल्या रेडिओवर कसं चाललंय, याचा दर आठवड्याला अहवाल तयार करणं हे माझं काम आहे. या क्षेत्रात नव्याने आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाणं कितव्या नंबरवर आहे? मी त्यांना आधी दुसरा तक्ता उघडायला लावते. कुठलं स्टेशन ते गाणं आठवड्यात किती वेळा आणि दिवसाच्या कुठल्या वेळी वाजवतंय, ते त्यात असतं. नंबर तिथूनच निघतो, आणि गाणं पुढे वर जाणार की अडकणार याची चाहूलही तिथेच आधी लागते.

तरीही नंबरांची ओळख हवीच. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाचा मेनस्ट्रीम रॉकचा (मुख्य प्रवाहातल्या रॉकचा) चार्ट १९८१ पासून आहे, अल्टरनेटिव्हचा, म्हणजे रॉकच्याच वेगळ्या वळणाच्या शाखेचा, १९८८ पासून. या दोन्हींत गाणं एकूण किती वेळा वाजलं, म्हणजे त्याला किती स्पिन मिळाले, यावर क्रम लागतो. रॉक अँड अल्टरनेटिव्ह एअरप्ले या एकत्रित चार्टवर मात्र ते किती श्रोत्यांपर्यंत पोचलं याचा अंदाज मोजतात. त्यामुळे छोट्या शहरांतल्या स्टेशनांनी उचलून धरलेलं गाणं पहिल्या प्रकारच्या चार्टवर बरंच वर असू शकतं आणि दुसऱ्यावर दिसतही नाही. शिवाय मीडियाबेसचे स्वतःचे चार्ट आहेत. कुठल्या स्टेशनवर काय वाजलं याची नोंद ठेवणारी ही कंपनी आयहार्टमीडिया या रेडिओ कंपनीची आहे. तिच्या ॲक्टिव्ह रॉक पॅनेलवर, म्हणजे नवं, दणदणीत रॉक वाजवणाऱ्या ठरावीक स्टेशनांच्या गटावर, गाणी रेडिओपर्यंत पोचवणाऱ्या सगळ्या प्रमोशनवाल्यांचं लक्ष असतं. मीडियाबेसचा आठवडा रविवार ते शनिवार, बिलबोर्डचा शुक्रवार ते गुरुवार. पॅनेलमधली स्टेशनंही तंतोतंत तीच नसतात. म्हणून एकाच गाण्याचे एकाच सुमारास दोन वेगळे नंबर दिसले तर गोंधळू नका, दोन्ही खरे असतात. अहवालात नंबराशेजारी चार्टचं नाव आणि आठवड्याची तारीख लिहायचीच.

गाणं रेडिओकडे पाठवलं की ‘ॲड’ची तारीख ठरते. रॉकमध्ये हा दिवस बहुतेक वेळा मंगळवार असतो. त्या दिवशी किती स्टेशनांनी गाणं आपल्या यादीत घेतलं हे जाहीर होतं, आणि लेबलकडून, म्हणजे गाणं काढणाऱ्या रेकॉर्ड कंपनीकडून, लगेच उत्साहाचे ईमेल सुटतात. मी ॲडचा आकडा नोंदवते आणि पुढचे दोन-तीन आठवडे थांबते. यादीत घेणं म्हणजे वाजवणं नव्हे. पाच-सहा स्पिनवर महिनाभर ठेवून गुपचूप काढून टाकलेली गाणी मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता खरा मुद्दा. समजा, दोन गाण्यांना या आठवड्यात प्रत्येकी ६०० स्पिन मिळाले. पहिलं ६० स्टेशनांवर सरासरी १० वेळा वाजलं, दुसरं २५ स्टेशनांवर २४ वेळा. चार्टवर दोघं शेजारी बसतील. पण दुसऱ्या गाण्याला ज्यांनी घेतलं त्यांनी मनापासून घेतलंय, श्रोत्यांना ते आवडतंय म्हणूनच त्याला इतक्या वेळा जागा मिळते आहे. तिथे काम उरतं ते नवी स्टेशनं मिळवण्याचं, आणि स्टेशनवर काय वाजवायचं ते ठरवणाऱ्या प्रोग्राम डायरेक्टरला दाखवायला हातात भक्कम पुरावा असतो. पहिल्या गाण्याची ओळख सगळीकडे आहे, ओढ कुठेच नाही. तिथे आहे त्याच स्टेशनांकडून जास्त स्पिन मागावे लागतात, आणि ते फार अवघड काम आहे. बँडच्या मॅनेजरला नंबर सांगून फोन ठेवला तर हा सगळा फरक त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

मग वेळेकडे बघा. मीडियाबेसमध्ये दिवसाचे भाग वेगळे दिसतात: मध्यरात्रीनंतरचा, सकाळच्या गर्दीचा, दुपारचा, संध्याकाळच्या गर्दीचा आणि रात्रीचा. नवं गाणं आधी रात्री उशिरा वाजणं स्वाभाविक आहे, स्टेशन त्याला चाचपून पाहत असतं. पण सहा-सात आठवड्यांनंतरही निम्मे स्पिन मध्यरात्रीनंतरचेच असतील तर मी अहवालात ते ठळक लिहिते. स्पिन मोजणाऱ्या चार्टवर पहाटे तीनचा आणि सकाळी आठचा स्पिन सारखाच धरला जातो. याचा गैरफायदाही घेतला गेला आहे. लेबलांनी जाहिरातीचा वेळ विकत घेऊन गाणी वाजवून घेतल्याचं न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या चौकशीत उघड झालं, आणि २००५ मध्ये सोनी बीएमजीने १ कोटी डॉलर भरून तडजोड केली. पैसे घेऊन, ते न सांगता गाणं वाजवणं अमेरिकेत १९६० पासून बेकायदा आहे. प्रमोशनमध्ये येणाऱ्याने हा कायदा पहिल्या दिवशीच समजून घ्यावा.

मोठ्या बँडच्या पहिल्या आठवड्याला वेगळं धरायचं. रेडिओ स्टेशनांची एखादी साखळी प्रकाशनाच्या दिवशी आपल्या सगळ्या रॉक स्टेशनांवर दर तासाला नवं गाणं वाजवते, आणि ते थेट वरच्या जागी दिसतं. पुढच्या आठवड्यात घसरण दिसली की नवा माणूस हादरतो. ती घसरण गाण्याची नसते, ते तासातासाचे स्पिन तेवढे गेलेले असतात. ते बाजूला काढून उरलेल्या आकड्यांची तुलना करायची.

रोजचे आकडे मागच्या सात दिवसांचे असतात आणि त्याआधीच्या सात दिवसांशी त्यांची तुलना होते, हेही विसरू नका. मे महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या मेमोरियल डेच्या सुट्टीत अनेक रॉक स्टेशनं जुन्या गाण्यांची लांबलचक उलटमोजणी लावतात, म्हणजे शेवटच्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत गाणी वाजवतात. तेव्हा जवळजवळ सगळ्या नव्या गाण्यांचे स्पिन कमी होतात. अशा वेळी मी चार्टवर आपल्या गाण्याच्या वरच्या आणि खालच्या पाच-पाच गाण्यांकडे बघते. सगळीच उतरली असतील तर काळजी नाही.

रॉक रेडिओ संथ आहे, आणि मला ते आवडतं. इथे गाण्याला वेळ मिळतो. थ्री डोअर्स डाऊन या बँडचं ‘लूजर’ मेनस्ट्रीम रॉकवर २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ‘पोर्तुगल. द मॅन’ या बँडचं ‘फील इट स्टिल’ २०१७ मध्ये अल्टरनेटिव्हवर २० आठवडे पहिलं राहिलं आणि पॉप स्टेशनांवर पसरत हॉट १०० या बिलबोर्डच्या सर्व प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य चार्टच्या चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. ही टोकाची उदाहरणं झाली, पण साध्या गाण्यालाही पहिल्या दहात यायला कित्येक महिने लागू शकतात. तिसऱ्या आठवड्यात ‘गाणं संपलं’ असं कुणी म्हणालं तर त्याला स्टेशनांचा तक्ता दाखवा.

बँडमधली मुलं हमखास विचारतात, एवढे स्पिन झाले, पैसे किती? अमेरिकेत एएम-एफएम रेडिओ गीतकार आणि संगीतकारांना पैसे देतो, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ध्वनिमुद्रणासाठी देत नाही. हे त्यांना आधीच स्पष्ट सांगावं. ज्यांनी गाणं लिहिलेलं नाही त्यांच्यासाठी रेडिओचा उपयोग मैफलीची तिकिटं विकायला होतो. म्हणून मी अहवालाला दौऱ्याच्या शहरांची यादी जोडते आणि प्रत्येक शहरातलं स्टेशन गाणं किती वाजवतंय ते शेजारी लिहिते. कार्यक्रमाला दीड महिना उरलाय आणि तिथलं स्टेशन आठवड्याला चारच स्पिन देतंय, असं दिसलं की पहिला फोन त्या स्टेशनला जातो.