अडगाव ते गाविलगड: १८०३ च्या लढाईच्या वाटेने सायकल कशी न्यावी

शिंदे-भोसल्यांचं इंग्रजांशी झालेलं युद्ध दख्खनेत संपलं ते आपल्या वऱ्हाडात, सातपुड्याच्या पायथ्याला. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावचा तह आणि ३० ला सुर्जी-अंजनगावचा. ही ठिकाणं अकोट ते परतवाडा या एकाच पट्ट्याच्या आसपास आहेत. त्यामुळे जिल्हाभर भटकायची गरज पडत नाही, एक रस्ता धरला की झालं. तीन दिवस आणि परतीसाठी चौथा, असे मोकळे काढा. दोन दिवसांतही उरकतं, पण मग लोक अडगाव गाळतात, आणि नेमकं तेच गाळू नये.

कोणत्या महिन्यात जायचं ते आधी ठरवा

दिवाळी उलटली की निघावं आणि संक्रांतीच्या आत परतावं. पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला अशी बसते की मडगार्ड आणि टायरमध्ये काडी घालून ती कोरत बसावं लागतं. फेब्रुवारी सरला की दुपारचं ऊन सायकलवर बसू देत नाही. डिसेंबरात पहाटे थंडी बोचते, म्हणून कानटोपी घ्या. कापूस वेचणीचे दिवस असल्याने रस्त्यावर कापसाने फुगलेल्या गाड्या भेटतील. त्या दोन्ही बाजूंनी रस्त्याच्या बाहेर आलेल्या असतात. ओव्हरटेक करायच्या भानगडीत न पडता खाली उतरून उभं राहावं.

सायकल आणि सामान

पहिल्या दोन दिवसांना साधी बिनगिअरची सायकलही चालते, रस्ता जवळपास सपाट आहे. तिसऱ्या दिवशी घाट आहे, तिथे गिअर हवेतच. टायर फार बारीक नको. शेताच्या कडेला बाभळीचे काटे आणि सराटे पडलेले असतात, दोन जादा ट्यूब लागतातच. पंक्चरवाला प्रत्येक मोठ्या गावात मिळेल, पण तुमच्या सायकलला बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा पंप बसणार नाही. स्वतःचा पंप किंवा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. मागचा लाल दिवा दिवसाही लावा.

पाण्याचं मात्र नीट ऐका. अकोला-अकोट भागातला बराच मुलूख खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारट लागतं, आणि तहान लागली म्हणून ते पोटभर प्यायलात तर दिवस वाया जातो. बाटल्या मुक्कामाच्या गावातूनच भरून निघा.

अकोटपर्यंत पोहोचणं

मुंबई-नागपूर मार्गावर अकोला स्टेशन आहे. तिथून अकोट पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. हा रस्ता वाहता आहे आणि सायकलवाल्याला त्यात मजा नाही. सरळ काळी-पिवळी जीपच्या टपावर सायकल बांधून घ्या. दोरी चाकातून ओवू नका, फ्रेममधून ओवा. गिअरची बाजू वर ठेवा आणि मध्ये पोत्याचा तुकडा घाला. बांधायचं काम ड्रायव्हरवर सोपवलंत तरी शेवटची गाठ स्वतः हलवून पाहा.

पहिला दिवस: अडगाव आणि शिरसोली

अकोटला सामान टाकून रिकाम्या सायकलने निघा. हिवरखेडच्या रस्त्याला अडगाव पंधराएक किलोमीटरवर आहे. इथे किल्ला नाही की बुरूज नाही, जमीनच वाचायची आहे. नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचं घोडदळ अडगाव पाठीशी घेऊन लांबलचक रांगेत उभं होतं. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून शिरसोलीच्या बाजूने आला. शिवारात उभं पीक होतं, त्यामुळे दोन्हीकडच्यांना एकमेकांचा नीट अंदाज नव्हता. शिरसोलीजवळ उघड्यावर येताच मराठ्यांच्या तोफांनी मारा सुरू केला आणि इंग्रजांच्या बाजूच्या शिपायांच्या तीन पलटणी बिथरून मागे फिरल्या. वेलस्लीने स्वतः जाऊन त्यांना पुन्हा उभं केलं. दिवस कलल्यावर जुंपलेली ही लढाई अंधार पडेपर्यंत चालली, आणि नंतर इंग्रजांच्या घोडेस्वारांनी चांदण्यात पाठलाग केला. मराठ्यांच्या ३८ तोफा हातच्या गेल्या.

आता रस्त्याचं. अडगाव ते शिरसोली जायला मोबाइलचा नकाशा कधीकधी पांदण दाखवतो. पांदण म्हणजे शेतकऱ्यांची बैलगाडीची वाट. नकाशावर ती डांबरी रस्त्यासारखीच दिसते आणि अर्ध्यात गेल्यावर ढेकळं लागतात. नकाशापेक्षा पारावरच्या माणसाला विचारा: "भाऊ, डांबर कुठलोक हाये?" तो म्हणाला, "नाल्यालोक हाये, मंग कच्चा," तर मुकाट्याने मोठ्या रस्त्याने वळसा घ्या. तुरीच्या किंवा कपाशीच्या शेतात फोटोसाठी घुसू नका. बांधावर उभं राहून उत्तरेला पाहा, सातपुड्याची रांग स्पष्ट दिसते. पराभवानंतर भोसल्यांच्या फौजेतले लोक गाविलगडाच्या आसऱ्याला का गेले, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

लढाईची वेळ गाठायची हौस असेल तर तीनला तिथे पोहोचा, पण चारच्या सुमारास निघा. चांदण्यात परतायचा मोह नको, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बहुधा मागचा दिवाच नसतो.

नरनाळा किल्ला करायचा असल्यास एक दिवस वाढवा. अकोटहून पोपटखेड, पुढे शहानूर. तो भाग अभयारण्यात आहे, प्रवेश वनखात्याच्या फाटकातून होतो, आणि सायकल आत नेता येईल असं धरून चालू नका. अकोटलाच चौकशी करा.

दुसरा दिवस: अंजनगाव सुर्जी, पथ्रोट, परतवाडा

उजाडताच निघा. एकूण साठेक किलोमीटर. हा राज्य रस्ता आहे, एसटी आणि ट्रक असतात, पण आठच्या आत तो बऱ्यापैकी तुमचाच असतो. अकोटपासून तीसेक किलोमीटरवर अंजनगाव सुर्जी. दौलतराव शिंद्यांचा तह इथला. गंगा-यमुनेचा दोआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला इंग्रजांकडे गेला तो या तहाने. गाव पानवेली आणि पानपिंपरीसाठी नावाजलेलं आहे. मळ्याच्या सावलीत पानपिंपरीचे वेल आधाराच्या झाडांवर चढलेले असतात. मालकाला विचारून आत डोकवा, नाही म्हणणारा विरळाच. स्टँडजवळ आलूबोंडा आणि चहा घ्या, पुढे पथ्रोटपर्यंत टेकायला फारसं काही नाही.

पथ्रोटच्या पुढे संत्र्याच्या बागा सुरू होतात. दुपारी बाराच्या आत परतवाडा गाठावा आणि ऊन उतरल्यावर जुळं शहर अचलपूर पाहावं. हे इमादशाहीच्या राजधानीचं एलिचपूर. तलावाच्या मधोमध उभी असलेली हौज कटोरा ही जुनी वास्तू बघाच. अडगावचे जखमी वेलस्लीने ५ डिसेंबरला इथेच आणले आणि त्यांच्यासाठी इस्पितळ उभारलं.

तिसरा दिवस: घाट

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा तीसेक किलोमीटर, चढ सुमारे सातशे मीटरचा. धामणगावला पोट भरा, बाटल्या भरा आणि पहिल्या वळणापासूनच सर्वांत हलक्या गिअरवर या. दम लागल्यावर गिअर शोधणाऱ्याची साखळी घाटात उतरते. मेळघाटचं जंगल आहे, अस्वल आणि वाघ दोन्ही आहेत. सूर्य वर आल्यावरच चढायला लागा आणि कानात गाणी घालू नका.

चढताना वेलस्लीच्या जोडीला असलेल्या कर्नल स्टीव्हन्सनच्या लोकांची आठवण ठेवा. त्यांनी तोफा याच डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडे लबाडा गावापर्यंत ओढत नेल्या, त्याला ७ ते १२ डिसेंबर इतका वेळ लागला. गाविलगडाची कमजोर बाजू ती उत्तरेचीच, बाकी तिन्हीकडे कडे आहेत. आज चिखलदऱ्याहून आपण जातो तेही त्याच बाजूने. किल्ला गावापासून दोन-तीन किलोमीटरवर आहे. आत पायीच फिरा, दरवाजे आणि त्यांमधली दरी सावकाश बघा. बाहेरचा तट फोडूनही इंग्रज आत शिरू शकत नव्हते. शेवटी एक तुकडी शिड्या लावून आतल्या तटावर चढली आणि तिने दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग तिथेच पडला.

मुक्काम चिखलदऱ्यालाच करा. चौथ्या दिवशी उतरताना ब्रेक सलग दाबून धरू नका, रिम तापते. मागचा-पुढचा आलटून पालटून दाबा आणि वळणाच्या आधीच वेग कमी करा. परतवाड्याहून अमरावती पन्नासेक किलोमीटर आहे, पुढे बडनेऱ्याला गाडी मिळते. पाय दुखत असतील तर तिथेही काळी-पिवळी आहेच.