उजेड वाढला, पण कॅल्शियम आलं कुठून?

मी अलिबागच्या खारेपाटातली. बीएस्सी झूलॉजी, मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, नेट दुसऱ्या अटेम्प्टला निघाली आणि पीएचडीला विषय मिळाला तो दुखणं कळवणाऱ्या न्यूरॉनमधल्या (चेतापेशींमधल्या) कॅल्शियमचा. आता गावाकडची दोन-तीन पोरं विचारतात ताई आम्हालाही याच लाइनला यायचंय, म्हणून पहिल्या महिन्यातच जे कळायला हवं होतं ते लिहितेय.

एटीपी म्हणजे पेशीची ऊर्जा एवढंच आपण शाळेत शिकतो. पण कुठे कापलं, भाजलं की फुटलेल्या पेशींतनं तेच एटीपी बाहेर सांडतं आणि जवळच्या संवेदी न्यूरॉनला निरोप देतं. एटीपी असं निरोप्याचं काम करतं हे जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना पटलंच नव्हतं. तो निरोप घेणारे चॅनेल, म्हणजे पेशीच्या पडद्यातली प्रोटीनची दारं, त्यांचं नाव पी२एक्स. तीन सबयुनिट (प्रोटीनचे भाग) मिळून एक चॅनेल होतो, आणि या दुखणं कळवणाऱ्या न्यूरॉनमध्ये महत्त्वाचा पी२एक्स३, कधी एकटा कधी पी२एक्स२ सोबत. एटीपी चिकटलं की तो उघडतो, सोडियम आत येतं आणि थोडं कॅल्शियमही.

आता खरी गोष्ट. फ्युरा-२ नावाचा, कॅल्शियम चिकटलं की उजेड बदलणारा डाय पेशीत भरायचा, ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आलटून पालटून टाकायचा, दोन्ही वेळी पेशीतून येणाऱ्या उजेडाचा रेशो वाढला की कॅल्शियम वाढलं. पहिल्यांदा एटीपी सोडल्यावर स्क्रीनवर निळ्या पेशी एकेक करत लाल झाल्या तेव्हा मला वाटलं झालं, पी२एक्स३ दिसला. सीनियरने एवढंच विचारलं, आलं कशातनं?

आमच्याकडे उधाणात शेतात खारं पाणी दिसलं तर नुसतं पाणी बघून काही कळत नाही, उघाडीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) झडप अडकली, बांधाला खांड गेली की जिताडा माशाचं तळंच फुटलं, बांधावर जाऊन बघावंच लागतं. इथेही तसंच. पी२एक्स उघडला की पेशीचं व्होल्टेज बदलतं आणि त्यामुळे व्होल्टेजवर चालणारे कॅल्शियम चॅनेल उघडतात, बरंचसं कॅल्शियम तिथनं येतं. शिवाय पी२वाय रिसेप्टर (एटीपी ओळखणारेच, पण स्वतः चॅनेल नसलेले) असतील तर पेशीच्या आतल्याच साठ्यातनं सुटतं. म्हणून बाहेरचं कॅल्शियम काढून तोच प्रयोग करा, तरीही रेशो वाढला तर साठा. आणि पॅच क्लॅम्पने, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीला चिकटवून, पेशी उणे ६० मिलिव्होल्टला धरून ठेवा म्हणजे व्होल्टेजवाले चॅनेल बंद राहतात. मी तसं केलं तेव्हा रेशोच्या आलेखातला तो मोठा डोंगर एकदम बसका झाला, आणि पी२एक्समधनं येणाऱ्या कॅल्शियमचा तो बसका उंचवटाच माझा खरा विषय होता.

दोन चुकांनी माझे बरेच आठवडे खाल्ले. एटीपीचं सोल्युशन आम्लधर्मी होतं, पीएच परत ७.४ ला आणला नाही तर संवेदी न्यूरॉनमधले आम्लावर उघडणारे चॅनेलच चालू होतात आणि आपण एटीपीचा रिस्पॉन्स म्हणून नाचतो. दुसरं म्हणजे पी२एक्स३ एकदा उघडला की झटकन डिसेन्सिटाइझ होतो (एटीपी असूनही बंद पडतो) आणि पूर्ववत व्हायला कित्येक मिनिटं घेतो, मी मिनिटभराने परत एटीपी सोडायचे, काहीच यायचं नाही, आणि चांगल्या पेशी मेल्या समजून फेकून द्यायचे. वहीत पीएच आणि दोन डोसमधलं अंतर दर वेळी लिहाच.

या एका चॅनेलवर मेहनत कशाला असं घरचे विचारतील. तर जुनाट खोकल्यावर पी२एक्स३ अडवणारं जेफापिक्संट हे औषध जपानमध्ये २०२२ साली मंजूर झालं, पण ते घेणाऱ्या बऱ्याच जणांची चव बिघडते, कारण जिभेची चव मेंदूला कळवणाऱ्या नसाही हेच चॅनेल वापरतात. नुसता पी२एक्स३ अडवायचा आणि पी२एक्स२ सोबतचा सोडायचा यावर अजून पुष्कळ काम आहे.

तिन्ही सायन्स अकॅडमींची समर रिसर्च फेलोशिप असते, फॉर्म भराच, आंब्याचा सीझन हुकला तरी चालेल. आणि लॅबमध्ये गेल्यावर रिगला (पॅच क्लॅम्पच्या सेटअपला) हात लावायला मिळाला नाही तर कुणाच्या तरी बाजूला स्टूल घेऊन बसा. पिपेट पेशीला टेकतं, तोंडाने अगदी हलकं ओढून घेतात, आणि स्क्रीनवरचा चौकोनी पल्स बसत बसत सपाट रेघ होतो, तो गिगाओहमचा सील, म्हणजे पिपेट पेशीला घट्ट चिकटल्याची खूण. तो होईपर्यंत खोलीत कुणी बोलत नाही.